खाणं, भूक आणि वजन : बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जे शिजतं आणि ज्या वेळांना खाल्लं जातं, ते धरूनच ही उत्तरं लिहिली आहेत. वाटी म्हटली की १५० मिलिलिटरची, चमचा म्हटला की चहाचा, ५ मिलिलिटरचा समजावा.

माझं वजन जास्त आहे, हे कशावरून ठरवायचं?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो असेल तर ६२ भागिले १.५८, पुन्हा भागिले १.५८, म्हणजे २४.८. हा झाला बीएमआय. आंतरराष्ट्रीय तक्त्यात साडेअठरा ते २५ च्या आत सगळं ठीक, म्हणून मोबाइलवरची बरीच अ‍ॅप हा आकडा हिरव्या रंगात दाखवतात. भारतीयांसाठी मात्र २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तेवढ्याच बीएमआयला आपल्या लोकांच्या पोटावर चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो.

त्याहून कामाचं माप कमरेचं. शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधोमध टेप धरा, श्वास सोडा आणि मग वाचा. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या वर असेल तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, मग बीएमआय काहीही सांगो. पँटचा पट्टा बसतो ती जागा कंबर नव्हे. पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा पोटाखालून जातो आणि तिथलं माप बरंच कमी भरतं.

गरोदर बायका, अठराच्या आतली मुलं आणि तालमीतले पैलवान यांना हा हिशोब लावू नका.

काट्यावर किती वेळा उभं राहायचं?

आठवड्यातून एकदा. तोच काटा, तोच वार, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. एका दिवसात किलो-दीड किलो वर-खाली होणं ही पाण्याची हालचाल असते. आदल्या रात्री खारट झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, एवढं त्याला पुरतं. ज्यांचा काट्यावरचा आकडा पाहून अख्खा दिवस खराब होतो, त्यांनी काटा कपाटात ठेवून महिन्यातून एकदा कमरेचं माप घ्यावं.

दिवसभर मी फारसं खात नाही, तरी वजन वाढतंय. रात्री मात्र हात थांबत नाही. माझा मनावर ताबा नाही का?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

ताब्याचा इथे संबंध फार थोडा. बहुतेक घरांत बाईचा दिवस असा जातो : सहाला चहा, नऊला चहा-टोस्ट, डबे भरून सगळे बाहेर पडल्यावर उरलेली अर्धी भाकरी उभ्या उभ्या, दुपारी पुन्हा चहा, चारला चहा आणि दोन बटर. मग सगळ्यांचं वाढून झाल्यावर रात्री साडेनऊला स्वतःचं ताट. चार चहांत दोन-दोन चमचे साखर धरली तर ४० ग्रॅम साखर तिथेच झाली. दूध, टोस्ट, बटर आणि अर्धी भाकरी मिळून सहाशेच्या आसपास कॅलरी होतात आणि प्रथिनं १५ ग्रॅमसुद्धा होत नाहीत. ५५ किलोच्या बाईला रोज ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. म्हणजे पोटात काहीतरी गेलं, पण भूक भागली नाही. रात्री ती सगळी थकबाकी एकदम वसूल होते.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शाने उतरलं, पण त्याबरोबर डोक्यात खाण्याशिवाय दुसरा विचार राहिला नाही. काही जण पाककृती जमवू लागले. पोटभर खायला मिळू लागल्यावरही काहींचं खाणं कित्येक दिवस आवरेना. तब्येतीने आणि मनाने खणखणीत म्हणून निवडलेली ही माणसं होती. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

म्हणून सुरुवात रात्रीच्या ताटापासून करू नका, सकाळपासून करा. उठल्यावर दीड-दोन तासांच्या आत चावून खायचं काहीतरी पोटात जाऊ द्या : एक भाकरी आणि वाटीभर दही, दोन इडल्या आणि वाटीभर घट्ट सांबार, किंवा शेंगदाणे आणि वाटाणे घालून उपीट. दुपारचं जेवण दीडच्या आत, बसून. चारच्या चहाबरोबर बटराच्या जागी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे किंवा एक उकडलेलं अंडं. दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. रात्री सगळ्यांच्या पंक्तीला बसा. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर कुणालाही चुलीपुढे उभं राहावं लागत नाही. तव्यावरची गरमच भाकरी हवी, हा घरातल्यांचा हट्ट असेल तर तो घरातल्यांनीच सोडायला हवा.

बहुतेकांचं गणित पहिल्या आठवड्यात बिघडतं. सकाळचं खाणं वाढतं, रात्रीचं अजून कमी झालेलं नसतं, काटा अर्धा किलो वर जातो, आणि घाबरून माणूस पुन्हा चहावर येतो. पुढचं जेवण वेळेवर मिळणार आहे हे शरीराला पटायला दोन आठवडे तरी द्या. तेवढ्या काळात रात्रीचं ताट मुद्दाम लहान करायला जाऊ नका.

जेवण झाल्यावरही हात डब्याकडे गेला तर स्वतःला विचारा, आत्ता भाकरी-आमटी वाढली तर खाईन का? उत्तर हो असेल तर ती भूक आहे, सरळ वाढून घ्या. चिवडाच हवा, भाकरी नको, असं असेल तर थकवा, कंटाळा किंवा मनात राहिलेलं कुणाचं तरी बोलणं आहे. त्यावर झोप, गप्पा, दहा मिनिटं अंगणात फेऱ्या हे चालतं. आणि कधी चिवडाही चालतो, पण बशीत काढून.

बिडी वळताना दिवस चहा-मिश्रीवर निघतो. मिश्री सोडली तर वजन वाढेल का?

निपाणी भागातून हा प्रश्न येणं साहजिक आहे. तंबाखूतलं निकोटिन भूक दाबतं, संपवत नाही. मांडीवर बिड्यांचं सुपडं घेऊन आठ-दहा तास बसलेल्या बाईला दुपारची भूक कळत नाही ती याचमुळे, आणि दिवेलागणीला मिश्रीचा अंमल उतरला की ती एकदम जाणवते.

सोडल्यावर भूक वाढते, तोंडाची चव परत येते, आणि थोडं वजन चढू शकतं. सिगरेट सोडणाऱ्यांचं पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. तरीही सोडण्याचा फायदा या चार किलोंपेक्षा कितीतरी मोठा आहे. तोंडाचा कर्करोग आणि गरोदरपणात बाळाचं कमी वजन, दोन्हींत तंबाखूचा वाटा आहे. वाढ आटोक्यात ठेवायची तर सोडण्याच्या आधीच्या आठवड्यात दुपारचं जेवण पक्कं करा आणि मगच मिश्री कमी करत न्या. तोंड चाळवायला बडीशेप, लवंग किंवा काकडीच्या फोडी ठेवा, साखरेच्या गोळ्या ठेवू नका.

तंबाखूचे हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका. नुसत्या पाण्याने तो थर जात नाही, आणि तोच घासाबरोबर पोटात जातो.

भाकरी बरी की भात?

६० ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाची एक भाकरी आणि ६० ग्रॅम तांदळाचा शिजलेला भात, दोन्हींत सुमारे २०० कॅलरी. प्रथिनं भाकरीत ६ ग्रॅमच्या आसपास, भातात ४ ग्रॅम. फरक आहे तो खाण्याच्या वेगात. भाकरी चावावी लागते, दोन भाकऱ्यांना पंधरा मिनिटं जातात. आमटी ओतून कालवलेला भात पाच मिनिटांत संपतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर दुसरा भात वाढून झालेला असतो.

खानापूरच्या पश्चिमेकडच्या पावसाळी गावांत भात हेच अन्न आहे, तिथे तो सोडायचं कुणी सांगू नये. २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य रेशन योजनेचा तांदूळ घरोघर आला, तशी जोंधळ्याच्या मुलखातल्या कित्येक घरांतही रात्रीची भाकरी मागे पडली. तांदूळ आहे तर खा, पण त्याच्याबरोबर काय आहे ते बघा.

खरी गडबड आमटीत होते. पातळ, फोडणीचा रंग तेवढा असलेल्या वाटीभर आमटीत जेमतेम १० ग्रॅम डाळ असते, म्हणजे २ ग्रॅम प्रथिनं. तीच वाटी पळीवरून सावकाश पडेल इतकी घट्ट केली तर २५-३० ग्रॅम डाळ जाते आणि प्रथिनं ६-७ ग्रॅमवर जातात. चौघांच्या एका वेळच्या आमटीला १०० ते १२० ग्रॅम डाळ, हे प्रमाण धरा. रोज परवडत नसेल तर मटकी, हुलगे, चवळी आलटून पालटून. हुलग्याचं माडगं हे आपल्याकडचं जुनं आणि स्वस्त प्रथिन आहे, ते आजारपणातच करायचं असतं असं कुणी ठरवलं कोण जाणे.

ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाकरी किंवा भात, पाव डाळ-उसळ-अंडं-मासे. बरोबर शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी आहेच. दोन चमचे म्हणजे पन्नास-साठ कॅलरी, हे ध्यानात ठेवून खा. वर पुन्हा तेलाची धार नको.

तेल किती वापरायचं?

माणशी रोज ५ चमचे, सगळं धरून. रोजचं मोजू नका, महिन्याचं मोजा. डबा फोडाल त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने लिहा. चौघांच्या घराला महिन्याला तीन लिटरच्या आत तेल पुरलं पाहिजे. बऱ्याच घरांत हा आकडा पाच-सहावर जातो, आणि त्यातलं जास्तीचं तेल सणावारात जातं असा समज असतो. प्रत्यक्षात ते रोजच्या फोडणीत जातं, कारण कॅनमधून थेट कढईत ओतलेली एक धार सहज पाच-सहा चमचे भरते. फोडणीसाठी पळी ठरवा आणि कॅन ओट्यावरून खाली ठेवा.

एण्णेगायीसारखी भरली वांगी कमी तेलात होत नाहीत असं म्हणतात. वांगी मसाला भरून आधी दहा मिनिटं वाफवून घेतली तर चौघांच्या भाजीला ४ चमचे पुरतात. कच्ची वांगी तेल पितात, वाफवलेली कमी पितात. तांबडा रस्सा किंवा मिसळीचा कट पाच मिनिटं स्थिर ठेवून वरचं तेल पळीने काढून घ्या. तिखटपणा जात नाही.

कुंदा, करदंट, पुरणपोळी कायमची सोडायची का?

सोडू नका. 'आता आयुष्यात कुंदा नाही' असं ठरवलेला माणूस तीन आठवड्यांनी उभ्यानेच अर्धा डबा संपवतो, मग 'आता बिघडलंच आहे' म्हणून उरलेलाही. बंदी जितकी कडक, तितका तो पदार्थ डोक्यात बसतो.

गोड खायचं ते जेवणानंतर, बसून, बशीत. कुंद्याचे दोन चमचे पुरेसे असतात, कारण तो आटवलेलं दूध, खवा आणि साखर यांचा आहे. पहिल्या दोन चमच्यांतच त्याची चव पुरी कळते. गोकाकच्या करदंटात डिंक, सुकामेवा आणि गूळ आहे, ते पौष्टिक आहे यात शंका नाही. पण गुळाचं म्हणून हलकं, हा गैरसमज आहे : १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. बाळंतिणीला आणि राबणाऱ्याला करदंट उत्तम, खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला एक वडी. पाहुण्यांनी आणलेला पुडा आल्या दिवशीच शेजारीपाजारी वाटून टाका, म्हणजे पुढचे आठ दिवस जाता-येता फ्रिज उघडला जात नाही.

उपवासाने वजन उतरतं का?

संकष्टी-एकादशीचा आपला उपवास पाहता, नाही. एक भरली बशी साबुदाण्याची खिचडी म्हणजे ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, तीन चमचे तूप आणि बटाटा. ५०० कॅलरीच्या आसपास, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ. दोन तासांत पुन्हा भूक. बेळगाव तालुक्यात रताळी भरपूर पिकतात. दीडशे ग्रॅमचं उकडलेलं रताळं १३० कॅलरीचं, त्याबरोबर वाटीभर दही किंवा ताक आणि मूठभर शेंगदाणे घेतले तर उपवासही होतो आणि रात्री तुटून पडणंही टळतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपवास करू नये. गोळी घेतली आणि खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते : घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी आणि मग जेवायला घालावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, दवाखान्यात न्या.

लग्नात, जत्रेत, पाहुण्यांकडे आग्रह होतो. नाही कसं म्हणायचं?

नुसत्या 'नको'ला आपल्याकडे 'हो' समजतात, हे धरूनच वागावं लागतं. पहिलं वाढप मुद्दाम थोडं घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा 'थोडंसं वाढा' म्हणता येतं आणि वाढणाऱ्याचा मानही राहतो. पानात शेवटपर्यंत काहीतरी राहू द्या, रिकामं पान दिसलं की वाढपी तिथे थांबून पुन्हा वाढतो. मावशींनी, आत्यांनी फारच धरलं तर 'मांडा एवढा सुरेख झालाय, घरी बांधून द्या, उद्या दुधाबरोबर खातो' हे वाक्य बहुतेक ठिकाणी चालतं. आजाराचं कारण सांगू नका, त्यावर औषधं सुचवणं सुरू होतं.

आणि वाढणाऱ्यांना विनंती : एकदा विचारा, दुसऱ्यांदा नको.

कारखान्यात तिसरी पाळी आहे. जेवायचं कधी?

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत असो की वडगाव-खासबागेतल्या मागावर, मुख्य जेवण कामावर जाण्याआधी, रात्री आठ-साडेआठला. दोनच्या सुमाराला डब्यातली एक भाकरी आणि उसळ. वडापाव-भजी त्या वेळी पोटात तशीच पडून राहतात आणि पित्त होतं. चहा तीननंतर बंद, नाहीतर सकाळची झोप जाते. घरी आल्यावर हलकं खाऊन खोली अंधारी करून सलग सहा-सात तास झोपा. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडेच मन धावतं.

पावसाळ्यात चालायला कुठे जायचं?

बेळगावात एरवी व्हॅक्सिन डेपो आहे, किल्ला तलाव आहे, रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड आहे. जून ते सप्टेंबर घरातच जिने चढा, किंवा जेवणानंतर दहा-दहा मिनिटं सोप्यात फेऱ्या मारा, दिवसातून तीनदा. रक्तातल्या साखरेसाठी जेवणानंतरची दहा मिनिटं फार उपयोगाची.

थायरॉइडमुळे वजन वाढतं ना?

थोडं. त्यातलं बरंचसं पाणी असतं, आणि गोळी सुरू होऊन रक्ततपासणीतला टीएसएच हा थायरॉइडचा आकडा जागेवर आला की ते उतरतं. वीस किलोंचं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. स्टेरॉइड, इन्शुलिन, मधुमेहाच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी मात्र वजन खरंच वाढतं. ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

वजन उतरवणारी पावडर, इंजेक्शनं?

'महिन्यात दहा किलो' म्हणणाऱ्या डब्याला हात लावू नका. आठवड्याला अर्धा किलो हा टिकणारा वेग. आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं खरोखर भूक कमी करतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, आणि थांबवल्यावर बहुतेकांचं वजन परत चढतं.

मुलगी जेवायला टाळते, आरशासमोर रडते. वयाचं आहे म्हणून सोडून द्यायचं का?

नाही. आधी घरातल्या बोलण्याकडे बघा. 'जाडी झालीस', 'अशीने स्थळ कसं येणार', 'तुझी बहीण बघ' ही वाक्यं काकू-मामी मायेनेच बोलत असतील, पण मुली ती वर्षानुवर्षं विसरत नाहीत. ज्या घरात वजनावरून टोमणे असतात तिथे मुलं चोरून खातात किंवा उपाशी राहतात. आजपासून तिच्या अंगावर कुणी बोलायचं नाही, हे आई-वडिलांनी सगळ्यांना स्पष्ट सांगावं, आजीलासुद्धा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका : तीन महिने पाळी नाही, चक्कर येऊन पडणं, उन्हातही थंडी वाजणं, ढगळ कपडे, जेवण होताच न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवणं, बोटांच्या सांध्यांवर दातांचे वळ. मुद्दाम उलट्या केल्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे आधी नाडी, रक्तदाब, पोटॅशियम, ईसीजी, आणि मग समुपदेशन. दोनेक तासांच्या आत भसाभस खाणं, थांबवावंसं वाटूनही न थांबणं, आणि हे आठवड्यातून निदान एकदा तीन महिने चाललेलं असणं, हाही उपचार असलेला आजार आहे. तो पुरुषांनाही होतो.

'खा, नाहीतर मोबाइल काढून घेईन' म्हणू नका. 'तू दमलेली दिसतेस, आपण दोघी दवाखान्यात जाऊन येऊ' एवढंच म्हणा, आणि तिच्याबरोबर स्वतः ताट वाढून घेऊन बसा.

मदत कुठे मिळेल? मराठीत बोलता येईल का?

१४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, आणि भाषा निवडताना मराठी घेता येते. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

जाताना पाच दिवसांची वही न्या. एका पानावर एक दिवस : किती वाजता, काय खाल्लं, बसून की उभ्याने, तेव्हा भूक होती का, मनात काय चाललं होतं. कॅलरी लिहू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटच्या पाळीची तारीख बरोबर असू द्या. डॉक्टर कन्नडच बोलणारे असतील तर दोन्ही भाषा येणारं कुणीतरी सोबत न्या, पण मुलीच्या बाबतीत ते माणूस तिने स्वतः निवडलेलं असावं.